भरताला एकच बडगी

एकदा मोटारी बनवणाऱ्या एका कारखानदाराच्या मनात शाळा बांधायचे आले. शाळा म्हणजे पाटी-दप्तराची नव्हे. त्याच्या कारखान्यात नव्याने रुजू होणारी मुले आणि जुने अधिकारी यांना एकत्र शिकता यावे असे प्रशिक्षण-संकुल त्याला हवे होते. जागा खानदेशातली, कपाशीच्या शेतांना लागून. तो एका वृद्ध स्थपतीकडे गेला आणि म्हणाला, "गुरुजी, आजपासून पन्नास वर्षांनीही जुनी वाटू नये अशी वास्तू हवी. पण ती इथल्या मातीतलीही वाटली पाहिजे. माझं आधीचं केंद्र चकचकीत आहे, पण तिथे माणसं शेजारी बसून अनोळखी राहतात. मध्यंतरी एका नव्या पोराला यंत्राचा आवाज बिघडलेला कळला होता. विचारायचं कुणाला, म्हणून बिचारा गप्प बसला आणि यंत्र जळून गेलं."

वृद्धांनी हे काम आपल्या शिष्याकडे सोपवले. शिष्य बुद्धिमान होता, कष्टाळू होता. फक्त कुणाला काही विचारणे त्याला कमीपणाचे वाटे. त्याने दार लावून घेतले आणि एकट्याने आराखडा सिद्ध केला. कारखानदाराने होकार दिला, तर त्याची पहिली स्वतंत्र वास्तू उभी राहणार होती. नकार दिला, तर काम परदेशी मंडळींकडे जाणार होते. त्यामुळे त्याची झोप उडाली होती.

आराखडा खरोखर डोळे दिपवणारा होता. छत सूर्याबरोबर वळणारे. पाहुणा दिसताच भिंती खानदेशी बोलीत "या, बसा" म्हणणार. जेवणाची गाडी आपोआप प्रत्येकाच्या आसनापाशी येणार, आणि लागेल ती वस्तू हाताशी असणार. प्रवेशद्वारावर बैलगाडीचे चाक टांगलेले होते, म्हणजे संस्कृतीचीही सोय झाली!

"कुणालाही कुणाकडे जायची गरज पडणार नाही, गुरुजी," शिष्य अभिमानाने म्हणाला.

वृद्ध नुसते "हं" म्हणाले.

होकार-नकाराचा दिवस ठरला. हिवाळा होता, बाजारात हिरवी, टपोरी वांगी आली होती. वृद्धांनी कारखानदाराला निरोप धाडला, "नव्या मुलांना आणि अधिकाऱ्यांना घेऊन मोकळ्या जागेवरच या. आधी भरीत खाऊ, मग आराखडा पाहू." सामानाची व्यवस्था त्यांनी स्वतःकडे घेतली. शिष्य जागेवर पोहोचला आणि सामान मोजू लागला. वांग्यांचा ढीग होता, भाकरीचे पीठ होते, तेल-मिरची होती. पण एवढ्या माणसांत चाकू एक, कढई एक, आणि भाजलेली वांगी ज्या लाकडी भांड्यात दांड्याने ठेचतात ती बडगीही एकच. जळण नाही. काडीपेटीसुद्धा नाही.

"गुरुजी, मी बाजारात जाऊन येतो. आत्ता आणतो सगळं."

वृद्धांनी हात पुढे करून त्याच्या गाडीची किल्ली मागून घेतली आणि आपल्या खिशात टाकली. "बस इथे. आणि बघ."

माणसे आली. अधिकारी कडुलिंबाच्या सावलीत उभे राहिले, नवी मुले बांधावर बसली. बराच वेळ जो तो आपापल्या मोबाइलमध्ये डोके घालून होता. कारखानदाराने दोनदा घड्याळ पाहिले. शिष्याला वाटले, संपले सगळे.

पण भुकेपुढे कुणाचे काय चालते? अखेर लीलाधर नावाचा एक नवा मुलगा बांधावरून उठला. कारखान्याच्या मुख्य अभियंत्यापाशी जाऊन, जरा बिचकतच, म्हणाला, "सायेब, काडीपेटी आहे का हो?"

अभियंत्याने एकदा मालकाकडे पाहिले, एकदा आकाशाकडे, आणि हळूच खिशातून लायटर काढला. "सिगारेट सोडली म्हणून घरी सांगितलंय," तो पुटपुटला. असा हशा उठला की कडुलिंबावरचे पोपट उडाले.

मग जळण हवे म्हणून दोघे-तिघे शेजारच्या शेतात गेले. तिथल्या यशोदाबाईंनी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा भारा तर दिलाच. वर कांद्याची पात आणि भाकरीसाठी तवा घेऊन त्या स्वतःच आल्या. जाळ पेटला. वांग्यांचा खमंग वास सुटला. कारखानदार वांगे सोलायला बसला तो बोटे भाजून "अगं आई गं!" म्हणून ओरडला.

"देठाले धरा ना भो! मोटार बनोता अन् वांगं सोलता येत नाही?" यशोदाबाई म्हणाल्या.

कारखानदार लहान मुलासारखा हसला आणि त्याने देठाला धरले. एक चाकू साऱ्या मैदानभर फिरू लागला. "इकडे द्या", "माझं झालं की तुमचं", "अहो, मिरची जरा बारीक!" बडगी एकच म्हणून पाळी लावावी लागली. लीलाधर आणि अभियंता समोरासमोर बसून आलटून-पालटून ठेचू लागले. ठेचता ठेचता लीलाधरने विचारले, "सायेब, ते यंत्र तापलं का मंग आवाज काहून बदलते?" अभियंत्याने हातातला दांडा थांबवला, दोन वांगी उचलली आणि कोणता भाग कशावर घासतो ते दाखवू लागला. बघता बघता भोवती कोंडाळे झाले. एका मुलीने शंका काढली, अभियंत्याने डोके खाजवले आणि उत्तर दुसऱ्याच अधिकाऱ्याने दिले. वांगी थंड होत चालली होती, पण कुणी उठेना.

शिष्य हे सारे पाहत राहिला. त्याने हलक्या आवाजात विचारले, "गुरुजी, वस्तू तुम्ही मुद्दाम कमी आणल्या?"

वृद्ध हसले. "अरे, घरातलं विरजण संपलं की आपण शेजारी जातो. मिळतं किती, तर चमचाभर. पण तेवढ्यात 'बस की', 'चहा टाकते', 'मुलीचं कुठे जमलं का' एवढं सगळं होतं. आपल्याकडचा शेजार असा मागण्या-देण्यात वाढला आहे. ज्याच्याकडे लायटर मागता येतो, त्यालाच उद्या यंत्राचं विचारता येतं. तुझ्या वास्तूत प्रत्येकाला सारं काही जागेवर मिळतं. मग कोण कुणाच्या दारात जाईल? सूर्याबरोबर वळणारं छत सुंदर आहे, ते ठेव. फक्त माणसं एकमेकांकडे वळतील एवढी उणीव त्याच्याखाली राहू दे."

पोटभर भरीत-भाकरी झाली आणि कारखानदार म्हणाला, "हं, दाखवा आता आराखडा."

शिष्य उभा राहिला. गुंडाळी त्याच्या हातात होती. ती सोडून दाखवली असती, तर कारखानदार कदाचित दिपूनही गेला असता. त्याने ती न सोडताच काखेत धरली.

"शेठजी," तो म्हणाला, "हा आराखडा अपुरा आहे. आणि मला एकट्याला तो पुरा करता येणार नाही. इथे शिकायला कोण येणार, त्यांना काय हवं, मी कुणालाच विचारलं नाही. मला तुमची सगळ्यांची मदत हवी आहे. कराल का?"

आयुष्यात प्रथमच त्याने कुणाकडे काही मागितले होते. काम गेले, असे समजून त्याने मान खाली घातली.

कारखानदाराने आपले काळे झालेले हात पांढऱ्या सदऱ्याला पुसले आणि तो त्याच्या शेजारी मातीतच बसला. "अरे, मग उघड की तो कागद! तिकडच्यांनाही दिसू दे. आणि सांग, सुरुवात कुठून करायची?"

सगळे सरकून जवळ आले. "मी बी सांगू का?" यशोदाबाईंनी विचारले, आणि शिष्याने हसून त्यांना जागा करून दिली. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवावेत असे त्याला वाटले नाही. वृद्ध जरा मागे, बांधावर जाऊन बसले. आता त्यांची तिथे गरज नव्हती आणि त्याचाच त्यांना फार आनंद झाला होता.

आपल्या घरात, कार्यालयात सर्वांना सर्व काही पुरवून झाले असेल आणि तरीही तिथे कुणी कुणाशी बोलत नसेल, तर एखादी वस्तू मुद्दाम एकच ठेवून पाहावी.