शूर्पारकाचे भिरंडेल

सांगा बरे मंडळी, अंगाला लावायची वस्तू घेताना विश्वास कोणावर ठेवावा? सुबक डबीवर, की विकणाऱ्याच्या गोड जिभेवर? बाजारात माझे आयुष्य गेले, पण याचे उत्तर मला या कथेतच सापडले.

पूर्वी शूर्पारक, म्हणजे आजच्या सोपारा, बंदरात राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका व्यापारी कुळात जन्मले. त्यांचे नाव सोमिल. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया लोक फेकून देत. सोमिल त्या गोळा करीत. बिया धुऊन, कुटून पाण्यात उकळल्या की वर पांढरे तूप तरंगते. ते गार करून मुठीत वळले की झाले भिरंडेल. मिठागरातल्या माणसांच्या भेगाळलेल्या टाचा, वल्हेकऱ्यांचे सोललेले तळवे त्याने निवत.

एकदा एक शौकीन गिऱ्हाईक नाक मुरडून म्हणाले, "याला वास कुठाय, शेठ?"

"वासाने भेगा भरत असत्या, तर मी मोगराच विकला नसता का?"

त्यांच्या घराची एक रीत होती. नव्या मालातला पहिला गोळा मालकाने स्वतःच्या कोपराच्या लवणीत चोळायचा आणि एक दिवस थांबायचे. त्याआधी विक्री नाही.

त्या वर्षी राजाची चाळीस गलबते दूरदेशी निघाली. वल्हेकऱ्यांसाठी हजार गोळे हवे होते. जो पुरवील त्याच्या दुकानावर राजमुद्रा लागणार होती. सोमिल शेठनी रात्रंदिवस घाई केली. माल झाला, पहिला गोळा हाताला चोळला, आणि दुसऱ्या दिवशी कोपर लालभडक!

बिया धुणाऱ्या बायकांची मुकादम मेखला रडू लागली. "शेठ, चूक माझी. तीन पाण्यांऐवजी एकाच पाण्यातून बिया काढल्या. आंबट गर राहिला चिकटून."

"घाई मी लावली, मेखलाबाई. चूक दोघांची."

"पण दिला तसाच, तर कळणार कोणाला? रंग तोच, घट्टपणा तोच."

"वल्हेकऱ्याला कळेल. भर समुद्रात तळवे पेटले, तर तो कोणाच्या दारात जाईल?"

सोमिल शेठ दरबारात गेले. "महाराज, माल बिघडला आहे. चार दिवस द्या."

मणिरथ नावाचा दुसरा व्यापारी तिथेच होता. तो आपले मलम लिंबाच्या झोंबऱ्या रसाने पांढरेशुभ्र करी आणि वर अत्तर शिंपडी. तो खदखदून हसला. "स्वतःच्या मालाची निंदा करणारा वाणी आज प्रथमच पाहिला!"

राजा म्हणाला, "वारा कोणासाठी थांबत नाही, सोमिला. मणिरथाचा माल तयार आहे."

"अवश्य घ्यावा, महाराज. फक्त आधी त्यांनी तो स्वतःच्या हाताला चोळावा आणि उद्या दाखवावा. आमच्यात तशी रीत आहे."

मणिरथाने हात उपरण्यात घेतला. "माझी कातडी फार नाजूक आहे, महाराज."

"आणि माझ्या वल्हेकऱ्यांची काय लाकडाची आहे?" राजा कडाडला.

गलबते चार दिवस थांबली. सोमिल आणि मेखलेने सगळा माल वितळवून तीनदा स्वच्छ पाण्यात उकळला. पुन्हा पहिला गोळा कोपराला चोळला. दुसऱ्या दिवशी कातडी लोण्यासारखी मऊ. मगच गोळे गलबतांवर चढले आणि सोमिल शेठच्या दुकानावर राजमुद्रा लागली.

पुढल्या मोसमात वल्हेकरी परतले ते तळहात वर करून, बाजारभर मिरवत. एकाच्याही हाताला जखम नव्हती. परक्या बंदरांतले व्यापारी नाव घेऊन विचारू लागले, "शूर्पारकाचे आहे ना?" मेखला ज्याला त्याला सांगे, "आमच्या हातचं आहे हो ते!" आणि अख्ख्या बंदराची मान ताठ होई.

ही कथा शिष्यांना सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाचा राजा तो आज आनंद, मेखला ती भिक्खुणी खेमा थेरी, हात लपवणारा तो देवदत्त, आणि सोमिल तो मीच होतो." ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता.

तर मंडळी, विश्वास ठेवावा तो आपला माल आधी स्वतःच्या हाताला चोळणाऱ्यावर. आणि तुम्हीही काही घडवून विकत असाल, तर त्यात काय घातले, किती घातले ते वहीत खरे लिहा. आणि बिघडलेला माल लिहायला लाजू नका, एवढीच विनंती.