कोपरभर खोल

“सांधे नाही बघणार, काका?” मी विचारलं.

मला वाटलं होतं, लवू मेस्त्री आधी माझ्या पेटीच्या कोपऱ्यांवरून नख फिरवतील. पेटीत एकही खिळा नव्हता. फणसाच्या फळ्यांचे दात एकमेकांत असे बसवले होते की मधून कागद गेला नसता. परदेशात शिकत असताना दर रविवारी मी हेच शिकले होते. गावी परतल्यावर मेस्त्रींना म्हटलं, मला हाताखाली घ्या. ते म्हणाले, बालवाडीच्या पुस्तकांना एक पेटी करून आण, मग बघू.

चार महिने लागले.

मेस्त्रींनी कोपऱ्यांकडे पाहिलंही नाही. झाकण उघडून आत बघत राहिले, विहिरीत डोकावावं तसे...

“बालवाडीत सगळ्यात लहान कोण?”

“वेणू. साडेतीन वर्षांची.”

“तिचं आवडतं पुस्तक?”

बेडकाचं. सोबत आणलेल्या पुस्तकांतून मी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते पेटीच्या तळाशी टाकलं आणि गुडघे टेकून टाचांवर बसले. त्यांची हनुवटी जेमतेम काठाच्या वर राहिली. आता तरी सांधे बघतील, असं मला वाटलं.

त्यांनी कोपर काठावर टेकवलं. फक्त कोपरापुढचा हात आत सोडला, वेणूचा अख्खा हात असेल तेवढाच. बोटं चाचपत राहिली. पुस्तक वीतभर खाली होतं.

“पुस्तकं पळून जातात काय गो, इतकी खोल कोंडलीस?”

मी सांगितलं की माप परदेशातून आणलेल्या नकाशातलं आहे, तंतोतंत. आणि पुस्तकं काय, बाई काढून देतील.



“मग पुस्तकं बाईंची,” ते म्हणाले आणि गुडघे चोळत उठले.

मला शिकवणार का, हे मी विचारलं. ते रंध्याच्या पात्याला धार लावायला बसले. पेटी त्यांच्या पडवीत ठेवून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत जाऊन बिजागऱ्या सोडवल्या. झाकण बाजूला ठेवलं. काठापासून वीतभर खाली, चारी बाजूंनी पेन्सिलीची रेघ ओढली. चारही कोपऱ्यांत रेघ माझ्या दातांवरून गेली. वरचे दात मी सगळ्यात शेवटी केले होते, हात बसल्यावर. पेटीत तेच सर्वांत सुबक होते.

मी करवत मागितली. मेस्त्रींनी त्यांची स्वतःची दिली.

चौथी बाजू कापून झाली तेव्हा वरची चौकट अख्खी सुटून आली.

मेस्त्रींनी ती माझ्या हातातून घेतली. उजेडाकडे धरली. एकेका कोपऱ्यावरून नख फिरवलं. दोन्ही हातांनी पिळून पाहिली. ती हलली नाही...

“सांधे चांगले जमलेत,” ते म्हणाले.