राजाची दृष्ट आणि जिन्यातली पेटी

"माझ्या मनोऱ्याची एक काडी जळता कामा नये, आणि आग लागल्यावर काय होतं ते मला गादीवर बसल्या बसल्या कळलं पाहिजे! मग करतो तुझा कायदा. उद्या संध्याकाळपर्यंत दाखव, नाहीतर आई-बायकोसकट मनोरा सोड!"

राजा दुर्जयसेनाने हे सुनावलं आमच्या ह्यांना. हे मनोऱ्याचे मशालजी, नऊ मजल्यांच्या जिन्यातले दिवे लावणारे. राजा सर्वांत वर, आम्ही चाकर मंडळी खाली आणि सगळ्यांना मिळून जिना एक. पलीकडच्या पेठेतली उंच इमारत जळाली, लोकांनी खिडक्यांतून उड्या टाकून पाय मोडून घेतले. तेव्हा ह्यांनी दरबारात म्हटलं, "महाराज, उंच इमारतींना दुसरा जिना हवा, आणि जिने मोकळे हवेत. तसा कायदा करा."

"माणूस एका वेळी एकाच जिन्याने उतरतो!" राजा म्हणाला. दरबार हसला. आणि वर ती अट!

"तुला कुणी सांगितलं होतं रे रायबा तोंड उघडायला?" सासूबाई कडाडल्या. "बघ, सूनबाई कशी गप्प असते!"

लग्नाला महिना झाला होता. नवी सून गप्प असली की शहाणी समजतात. मी जन्मापासूनच गप्प, त्यामुळे फुकटात शहाणी ठरले होते. खरं तर त्या वेळी मी भाजी काय करावी याचा विचार करत होते.

"पोराला दृष्टच लागली कुणाची तरी!" म्हणत सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या-मिरच्या ह्यांच्यावरून ओवाळून शेगडीत टाकल्या. दृष्ट लागलेली असली तर ठसका लागत नाही, म्हणतात. मला असा लागला की डोळ्यांपुढे तारे चमकले. तेवढ्यात सातव्या मजल्यावरून आरोळी आली, "अगं, कोण मिरच्या जाळतंय?"

आम्ही राहतो दुसऱ्या मजल्यावर!

शांत बसून मला कधी काही सुचलेलं नाही. त्या दिवशी ठसक्यात सुचलं.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्या मागून दरबारात गेले. "महाराज," मी पुटपुटले, "मनोऱ्याला पेठेची नजर लागलीय. तुमची दृष्ट काढू?"

"काढ, काढ!" राजा खूश. "मलाही वाटतच होतं!"

राजाची दृष्ट म्हणजे मूठभर मिरच्यांचं काम नव्हे. मी सूपभर ओवाळल्या. दृष्ट काढून जाताना बोलायचं नसतं, तेवढं मला उत्तम जमतं. जिन्याच्या पायथ्याशी, दगडावर, भरलेल्या घागरीशेजारी ह्यांनी शेगडी ठेवली होती. मी सूप पालथं केलं.

धूर निघाला तो थेट जिन्याने वर!

"खिडक्या उघडा! खोक्‌... पाणी! खोक्‌... खाली चला!" राजा निघाला, मागून प्रधान. सहाव्या मजल्यावर बाज आडवी. पाचव्यावर कांद्याची पोती. चौथ्यावर कुणाचा तरी पाळणा. आणि दुसऱ्या मजल्यावर एक भलीमोठी नक्षीदार पेटी! राजा तिच्यात आणि भिंतीत अडकला तो हलेना.

मी घागर शेगडीवर ओतली आणि वर धावले.

"हे काय चालवलंयस?" राजा शिंकत ओरडला.

"आग लागल्यावर काय होतं ते, महाराज. मनोऱ्याची काडीही जळलेली नाही."

"मिरच्या जळल्या!"

"त्या माझ्या माहेरच्या."

प्रधानांनी तोंडावर उपरणं धरलं. धुरासाठी की हसू लपवायला, कोण जाणे.

"आणि ही पेटी? कोण मूर्ख जिन्यात पेटी ठेवतो?"

आता खोटं बोलायची सोय नव्हती. झाकणावर माझंच नाव कोरलेलं.

"मी ठेवते, महाराज. माझ्या रुखवतातली आहे. घरात मावत नाही आणि आईनं दिलेली टाकवत नाही."

"अस्सं! नवऱ्याला कायदा हवा, आणि बायकोची पेटी जिन्यात! कायद्यावाचून उचलता येत नव्हती?"

"रोज स्वतःला सांगते, महाराज. पण मी माझं ऐकतच नाही! कायद्याचं ऐकेन."

राजा असा हसला की पोट हललं, आणि पोट हललं म्हणून सुटला! तिथेच पेटीवर बसून त्याने प्रधानांना फर्मावलं, "लिहा! उंच इमारतीला दोन जिने. जिन्यात सामान ठेवणाऱ्याला दंड. मजल्यामजल्यावर पाण्याचा रांजण."

हातातलं कडं काढून त्याने माझ्यापुढे धरलं. "आणिक काय हवं?"

"पेटी ठेवायला जागा!"

"तळमजल्यावरच्या दोन खोल्या तुमच्या!" राजा हसत उठला. "आणि प्रधानजी, कायद्याचा अंमल आत्तापासून. पहिली हिचीच पेटी हलवा!"