न सुटलेली जोडी

एकदा एक घडी घातलेला कागद घेऊन एक शिष्या आपल्या वृद्ध बाईंकडे आली. बाईंनी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवले होते. शिष्येचा गर्भ तिसऱ्यांदा पडला होता आणि दवाखान्याच्या त्या कागदावरचे 'गर्भाच्या गुणसूत्रांत दोष' एवढेच तिला कळले होते. घरी सासूबाई म्हणत, "ग्रहणात भाजी चिरलीस ना? भोग आता!" शेजारपाजारचे तरी कुठे मुके होते?

"बाई, माझं काय चुकलं तेवढं सांगा. पपईची एक फोड खाल्ली होती मी."

बाईंनी फळीवरून एक जुना पत्र्याचा डबा काढला. आत लोकरीचे धागे, दोन-दोन एकमेकांना बिलगवून ठेवलेले.

"दोन टोकं दोन हातांत धर. ओढ."

रडत्या लेकीला लोकर ओढायला लावायची, हे काय भलतेच! पण गुरूचा शब्द. तिने ओढले. पहिली जोडी अलगद सुटली, दुसरीही. तिसरी मात्र दमटपणाने चिकटलेली. दोन्ही धागे एकाच हातात आले, दुसरा हात रिकामा.

"हिसका दिलास?"

"नाही हो. आधीच्या ओढल्या तशीच ओढली."

"मग ऐक. बीजपेशी विभागण्याआधी प्रत्येक गुणसूत्राची प्रत निघते. मग ती लांबलचक सूत्रं आखडून जाड होतात, आपापला जोडीदार शोधून बिलगतात आणि तशीच थांबतात. तुझ्या बीजांतल्या जोड्या तू आईच्या पोटात होतीस तेव्हाच जुळल्या, पोरी. तीस वर्षं डब्यात पडून होत्या. सुटायची वेळ आली की एखादी सुटत नाही; एकीकडे दोन, दुसरीकडे काहीच नाही. असा दोष बहुधा तिथेच होतो आणि तसा गर्भ सहसा टिकत नाही. पपई फार नंतरची."

"म्हणजे चौथ्यांदाही...?"

"ते मला सांगता येत नाही. खोटा धीर मी वर्गातही कधी दिला नाही."

घरी सासूबाई दारातच उभ्या. "काय म्हणाल्या तुझ्या बाई? दोष कुणाचा?"

बाईंकडून आणलेली ती न सुटलेली जोडी तिने त्यांच्या तळहातावर ठेवली. "सोडवून दाखवा, आई."

सासूबाई नखांनी बराच वेळ झटल्या. धागे सुटेनात. मग त्या सुनेशेजारी उंबऱ्यावर टेकल्या, लोकर मुठीत तशीच. ग्रहणाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. पाळणाही हलला नाही.

कुणाच्या घरचा पाळणा का हलत नाही, हे विचारायला शेजारच्या कुंपणाशी जाणाऱ्याने आधी ती जोडी हातात घेऊन पाहावी.