बर्फाच्या मुलखातलं कासव

समुद्रकाठच्या एका शहरात दगडांचे एक मोठे जाणकार राहत होते. त्यांचं नाव प्राध्यापक वैजनाथ आठल्ये. दगड हातात घेतला की तो कुठल्या डोंगरातला आणि किती जुना, हे ते सांगत. त्यांनी एक जाडजूड ग्रंथ लिहिला होता. पृथ्वीचं उत्तर टोक पहिल्यापासून बर्फाखालीच आहे, तिथे ऊब अशी कधी नव्हतीच, असं त्यात ठासून म्हटलं होतं. तो ग्रंथ कॉलेजांत शिकवला जाई. आठल्ये स्वतःही तो शिकवत, आणि शिकवताना एकदाही पान उघडून पाहत नसत.

एका वर्षी ते जहाजाने थेट उत्तरेला गेले. तिथल्या एका ओसाड बेटावर उंच कडा होता. त्या कड्यातून त्यांनी पेटीभर दगड फोडून आणले आणि संस्थेत चिमाबाईंच्या पुढ्यात ठेवले.

चिमाबाई पूर्वी गावोगाव हिंडून पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायच्या. घरोघरी मिक्सर आले आणि ते काम बसलं. तेव्हा त्यांचा हात पाहून आठल्यांनीच त्यांना संस्थेत आणलं होतं. दगडात अडकलेलं हाड, शिंपला, पान सुईने आणि बारीक छिन्नीने मोकळं करायचं, हे त्यांचं काम. अकरा वर्षांत त्यांच्या हातून एक शिंपला फुटला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात चिमाबाई आठल्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, दगडात कासव हाय."

आठल्ये हसले. "चिमाबाई, तो ध्रुवाजवळचा दगड आहे. तिथे कासव कुठून येणार?"

"ध्रुव कुठं हाय ते मला ठावं न्हाई. दगडात जे हाय ते सांगते."

आठल्ये हसतहसतच टेबलापाशी गेले. वाकले. आणि त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. परातीएवढी पाठ होती. पाठीवरची एकेक चौकट वेगळी दिसत होती. पुढून मान बाहेर आलेली, आणि मानेला डोकं. हे समुद्रातलं कासव नव्हतं, तळ्यातलं होतं. एवढं त्यांना पाहताक्षणी कळलं. अशा कासवाला अंग शेकायला ऊन लागतं, पोहायला मोकळं पाणी लागतं, अंडी घालायला उबदार वाळू लागते. बारा महिने गोठलेल्या मुलखात ते जगूच शकत नाही. म्हणजे एक तर हा दगड तिथला नव्हे, नाहीतर आपला ग्रंथ खोटा. दगड तर त्यांनी स्वतःच्या हाताने फोडून आणला होता. आठल्यांना दरदरून घाम फुटला.

"कोणाला बोललात का?"

"आजून न्हाई."

"बोलू नका."

त्या संध्याकाळी आठल्यांनी तो दगड पंच्यात गुंडाळला आणि ते खाडी ओलांडणाऱ्या होडीत बसले. होडी मधोमध आली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी गाठोडं पाण्यावर नेलं आणि सोडून दिलं. नावाड्याने मागे वळून विचारलं, "काय पडलं, मास्तर?"

"काही नाही," आठल्ये म्हणाले. "दगड."

सकाळी चिमाबाई कामावर आल्या तर टेबल रिकामं. त्या घाबऱ्याघुबऱ्या थेट संस्थेच्या अध्यक्षांकडे गेल्या आणि दगड चोरीला गेला म्हणून सांगू लागल्या. अध्यक्षांनी आठल्यांना बोलावून घेतलं. खरं सांगायला तोंड उघडलं तेव्हा आठल्यांच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"ते कासव आपल्याच कोठारातल्या जुन्या दगडातलं होतं. बाईंनी पेट्यांची सरमिसळ केली. माझ्या कामात घोटाळा नको म्हणून मी तो दगड बाजूला काढला."

चिमाबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. ज्या माणसाला अकरा वर्षं त्यांनी देवाच्या जागी मानलं, तो डोळ्यांदेखत हे बोलत होता. त्या एवढंच म्हणाल्या, "दगड बदलला असता तर पयल्या ठोक्यालाच मला कळलं असतं."

पण एका बाजूला ग्रंथ होता, दुसऱ्या बाजूला एक निरक्षर बाई. त्याच दिवशी चिमाबाईंना कामावरून काढून टाकलं. जाताना त्यांनी आपल्या सुया पुसून टेबलावर ओळीने मांडल्या आणि मागे न बघता निघून गेल्या.

दोन वर्षं गेली. तो एकच दगड कसा कोण जाणे तिथे आला असेल, असं आठल्ये मनाला समजावत राहिले. शेवटी खात्री करायला ते पुन्हा त्या बेटावर गेले. तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. लख्ख उजेडात ते एकटेच कडा चढले आणि त्यांनी हातोडी मारली. एक भलीमोठी फरशी सुटून खाली कोसळली. मागे कासवं होती. एक नव्हे, आठ कासवं! आटत आलेल्या डबक्यात गोळा व्हावीत तशी एकमेकांवर चढलेली. ज्या मुलखात कधी ऊब नव्हती असं ते जन्मभर शिकवत आले, तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी ही कासवं ऊन खात होती.

खाली जहाजाचा भोंगा वाजत होता. कोणी काही पाहिलं नव्हतं. आणखी दोन घाव घातले असते तर वरचा कडा ढासळून सगळं गाडलं गेलं असतं. आठल्यांनी हातोडी उचललीसुद्धा. मग ती बाजूला ठेवली, एक कासव सोडवलं आणि ते छातीशी धरून खाली उतरले.

परत आल्यावर त्यांनी वर्तमानपत्रात लिहून टाकलं, "माझा ग्रंथ चुकीचा आहे." आता लोक हसतील, तोंडावर बोलतील, म्हणून ते दार लावून बसले. पण झालं भलतंच. कोणी हसलं नाही. लोक हार घेऊन दारात आले. आपली चूक आपणच शोधून काढणारा माणूस म्हणून गावोगाव त्यांचं नाव झालं. ज्या नाचक्कीच्या भीतीने त्यांनी दगड बुडवला आणि एका बाईला देशोधडीला लावलं, ती नाचक्की कुठे नव्हतीच.

संस्थेने सत्कार ठेवला. सभागृह भरलं. अध्यक्षांनी आठल्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि ते म्हणाले, "ध्रुवाजवळचं कासव सर्वांत आधी ज्यांच्या नजरेला पडलं, त्या आपल्या प्राध्यापकांना..."

गप्प राहिलं की झालं, एवढंच काम होतं. चिमाबाईंचं नावही तिथे कोणाला आठवत नव्हतं. पण आठल्यांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली.

"ते आधी मला दिसलं नाही. दोन वर्षांपूर्वी चिमाबाईंना दिसलं. त्यांनी मला दाखवलं, आणि मी ते खाडीत टाकलं. मग त्यांच्यावर खोटा आळ घेतला."

अध्यक्षांच्या हातातला नारळ हातातच राहिला. "म्हणजे तेव्हा तुम्ही माझ्यासमोर खोटं बोललात?"

"हो. त्यांच्याही समोर."

कोणी टाळी वाजवली नाही. पुढच्या रांगेतली माणसं तोंडावर हात धरून बसली होती. मग एकेक जण उठून निघून गेला. आठल्यांचं पद त्याच आठवड्यात गेलं.

शोध घेत घेत आठल्ये चिमाबाईंपर्यंत पोचले. त्या घाटाखालच्या एका खाणीत खडी फोडत होत्या. ज्या बोटांनी पानाची शीरदेखील न दुखवता मोकळी केली होती, ती सुजली होती, नखं काळीनिळी पडली होती. आठल्यांनी हात जोडले आणि सभेत काय बोललो ते सांगितलं. चिमाबाईंनी ते ऐकून घेतलं.

"ते ऱ्हाऊ द्या, सायेब. माझं कासव कुठं हाय?"

"खाडीत आहे. मीच टाकलं."

चिमाबाईंच्या हातातला घण खाली पडला. ते कपाटात कुलूप घालून ठेवलं असेल, असंच त्या दोन वर्षं समजत होत्या. आपल्यावरचा आळ त्यांनी सोसला होता. हे त्यांना सोसवेना.

"आवं, दगडानं त्येला इतका काळ सांभाळलं! तुमाला एक दिस सांभाळता आलं न्हाई?"

आणि त्या ढसाढसा रडल्या.

मग खाडीत पाणबुडे उतरले. कोळ्यांनी जाळी टाकली. आठवडाभर गाळ उपसला. गाळाखाली गाळच निघाला. पुढच्या उन्हाळ्यात कड्यातली सगळी कासवं संस्थेत आणली. चिमाबाई परत कामावर आल्या आणि त्यांनी ती एकेक करून मोकळी केली. पण एकाही कासवाला डोकं नव्हतं. खाडीत गेलेलं ते कासव तोंडाने कसं होतं, हे जगात दोनच माणसांनी पाहिलं होतं.

म्हणून संस्थेने चित्रकार बोलावला आणि आठल्यांनाही बोलावून घेतलं. चिमाबाई डोळे मिटून सांगू लागल्या. नाक आखूड होतं, वर जरा उचललेलं. डोळ्याची खाच मोठी. हनुवटीखाली एक बारकीशी चीर. चित्रकार काढत गेला. मग त्याने आठल्यांना विचारलं, "बरोबर आहे ना, सर?"

आठल्ये चित्राकडे पाहत राहिले. त्यांनी खूप आठवून पाहिलं. ग्रंथ आठवला, घाम आठवला, होडी आठवली. कासवाचं तोंड काही केल्या आठवेना.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "मी ते नीट पाहिलंच नाही."

तात्पर्य: चूक कबूल केली तर किती गमवावं लागेल, याची भीती नेहमी मोठी असते आणि नुकसान लहान, पण ती चूक झाकण्यासाठी जे बुडवलं, ते मागाहून खरं बोललं तरी परत हाती येत नाही.