डिंकाच्या लाडवांची उधारी

आमच्या आळीत नेमाशेठच्या किराणा दुकानात उधार मागायची एक रीत आहे. आधी सगळी गिऱ्हाइकं जाऊ द्यायची आणि मग हळूच बोलायचं.

शकूवहिनींची लेक बाळंतपणाला आलेली. तिच्या लाडवांना डिंक-खोबरं हवं होतं आणि हातात पैसा नव्हता. वहिनी कोपऱ्यात थांबल्या, पण आम्ही चौघीजणी काही हलत नव्हतो. मी तर साबण निवडत होते, घरात दोन वड्या असूनही.

शेवटी वहिनी पुटपुटल्या, तसे शेठ गरजले, "मोठ्यानं बोला की! लाज वाटते तर उधार मागता कशाला?"

"लाज तुमची राखत होते, शेठ," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "बाळंतिणीच्या डिंकाला तुम्ही नाही म्हणालात, तर ते चारचौघींत ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलले. आता सगळ्या ऐकताहेत. म्हणा मोठ्यानं."

 शेठनी मुकाट्यानं डिंक तोलला, खोबरं बांधलं, आणि वर एक पुडी ठेवली.

"ही मी मागितली नव्हती."

"खसखशीशिवाय लाडू कसले, ताई?" शेठ खाली बघत म्हणाले. "ही उधार नाही. पोरीला सांगा, मामानं दिलीय."