यसाईची पहिली चिमूट

वाकणघाटात तेव्हा डांबर पडलं नव्हतं आणि दरीच्या कडेला कठडेही नव्हते. त्या काळातली ही गोष्ट. मांडीवर लेकरू असेल तर त्याला नीट जवळ घ्या आणि मग ऐका.

घाटमाथ्यावर कारवीमाळ नावाचं गाव होतं. सबंध गावात गाडी एकच, इब्राभाईचा जुना डिझेल ट्रक, पुढे लांब नाकाडाचा. मीठ, रॉकेल, नवरी, आजारी माणूस, सगळं त्याच ट्रकातून वर-खाली जायचं. त्याच गावात यसाबाई सुईण राहायची. तिच्या हातावर आलेलं एकही मूल रडल्याशिवाय राहिलं नाही, असं म्हणतात.

पण हौसाची लेक रडायची थांबली. अकरा दिवसांची पोर. दुसऱ्या दिवशी बारसं, कोपऱ्यात पाळणा बांधलेला, आणि पोरीनं सकाळपासून दूध तोंडात घेतलं नाही. यसाबाईनं तिच्या तळपायाला टिचकी मारली. पाय हलला नाही.

"हे माझ्या हातातलं न्हाई हौसे. खाली दवाखान्यात न्यायची. ऊठ."

हौसानं काय घ्यावं आणि काय नको, ते तिला कळेना. समोर दिसलं ते तिनं पिशवीत कोंबलं. लंगोट, झबलं आणि बारशासाठी आणलेला पावडरचा नवाकोरा डबा, झाकणसुद्धा न उघडलेला.

दोघी पोरीला घेऊन इब्राभाईच्या ट्रकात बसल्या. घाट जिथं उतरायला लागतो त्या खिंडीपर्यंत ट्रक आला, तोच ऑइलच्या काट्यानं मान टाकली. इब्राभाईनं गाडी थांबवली आणि खाली वाकून बघितलं. काळं थारोळं साचत होतं.

"खालचं ऑइलचं चेंबरच गळतंय, मावशी. तीन वर्षांत तीनदा पॅकिंग बदललं त्याचं. अर्धा डबा ऑइल राह्यलंय, ते अर्ध्या घाटातच संपंल. मग इंजिन जाम. आणि उतारावर..."

त्यानं दरीकडे बोट केलं. हौसानं पोर उराशी धरली आणि चालायला लागली. सात कोस उतार, पायात चप्पल नाही. यसाबाईनं मागून तिचा पदर धरला.

"थांब. इब्रा, थेंब चेंबरवरनं पडतोय म्हणून गळतीबी तितंच का? बाईच्या पायाला रगत दिसलं, तर मी पायाला पट्टी बांधती व्हय रं?"

इब्राभाईनं कपाळावर हात मारून घेतला. तीन वर्षं तो खालूनच बघत होता, आणि सगळं गाव त्याच्याबरोबर वाकून खालीच बघत होतं.

यसाबाईनं बॉनेट उघडायला लावलं. रॉकेलचा बोळा घेऊन तिनं अख्खं इंजिन वरपासून खालपर्यंत पुसलं, नुकत्या जन्मलेल्या पोराचं अंग पुसावं तसं. मग फडक्यानं कोरडं केलं. हौसा बघत राहिली. माझी पोर निपचित पडलीय आणि ही म्हातारी लोखंडाला आंघोळ घालत बसलीय!

"तो डबा दे."

"मावशी! माझ्या लेकराची पावडर हाय ती!"

"लेकरासाठीच मागती."

आणि त्या बाईनं नवा डबा फोडून सगळी पावडर इंजिनावर उधळली. ट्रक पांढराफटक झाला. मग ती म्हणाली, "आता चालू कर."

इंजिन धडधडलं. तिघांचे डोळे त्या पांढऱ्यावर. आणि वर, अगदी वर, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या कडेला एक काळी रेघ उमटली आणि खाली चेंबरकडे धावत सुटली. इब्राभाई म्हणाला, "या अल्ला, हे तर वरनं येतंय!" तेवढ्यात दुसरी रेघ. मग बाजूच्या झाकणातून तिसरी. ऑइल मोजायची काडी आपोआप वर उचलली गेली, जणू आतून कुणी ढकलतंय.

"एवढ्या जागा एकदम फुटत न्हाईत," यसाबाई म्हणाली. "याच्या पोटात वारा कोंडलाय. ह्यो श्वास कुठनं सोडतो रं?"

इब्राभाईनं मागच्या बाजूची एक वाकडी नळी दाखवली. यसाबाईनं नळीच्या तोंडापुढे तळवा धरला. काही नाही. फुंकरसुद्धा नाही. तिनं अंबाड्यातला आकडा काढला, नळीत घातला आणि फिरवला. आतून माती निघाली. कुंभारीण माशीचं घर! तीन वर्षं त्या एवढ्याशा मातीनं एवढ्या मोठ्या ट्रकचा श्वास दाबून धरला होता.

शेवटचं ढेकूळ सुटलं, तशी नळीतून धुराची मोठी फुंकर आली. आणि त्याच क्षणी हौसाच्या उराशी काहीतरी हललं. पोर रडली. बारीक, मांजराच्या पिलासारखी, पण रडली. खिंडीतली सगळी पाखरं एकदम उडाली, असं म्हणतात.

काळ्या रेघा तिथंच थांबल्या. अर्धा डबा ऑइल ओतलं, ते दवाखान्याच्या दारापर्यंत पुरलं आणि वर उरलं. तासभर उशीर झाला असता तर पोर गेली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बारसं महिन्यानं झालं. पोरीचं नाव यसाच ठेवलं.

यसाबाईकडे मग लांबलांबचे ड्रायव्हर येऊ लागले आणि तिला यसाई म्हणू लागले. ती इंजिनाला कान लावून आतला आजार सांगायची, असं म्हणतात. ती गेली त्या दिवशी घाटातल्या सगळ्या गाड्या आपोआप बंद पडल्या, असंही म्हणतात. खरं-खोटं त्या घाटाला माहीत.

पण एवढं मात्र आजही डोळ्यांनी दिसतं. कारवीमाळात बारशाच्या दिवशी पावडरचा नवा डबा उघडतात, तेव्हा पहिली चिमूट बाळाला लागत नाही. आई बाळाला घेऊन गाडीपाशी जाते आणि ती चिमूट इंजिनावर सोडते. आणि घाट उतरणारा ड्रायव्हर, कितीही घाई असो, खिंडीत थांबतो, बॉनेट उघडतो आणि त्या नळीपुढे तळवा धरतो. हाताला वारा लागला की मोठ्यानं सांगतो, "श्वास हाय गं, यसाई."

मगच ब्रेक सोडतो.